वसंत बँड का मोडला

धारला आमचं घर आणि पडवळमामांचं घर यांच्यामधली भिंत एकच होती. लग्नानंतरची नऊ वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे काढली. त्यातली तीन-चार वर्षं रोज दुपारी तीनच्या सुमाराला पलीकडून आवाज यायचा. पूं... पूं... पूं-पूं. जरा थांबून पुन्हा तसंच. माझी आई एकदा नाशिकहून राहायला आली होती. पहिल्याच दुपारी ती झोपेतून दचकून उठली आणि म्हणाली, "अगं, शेजारी कोण एवढं कण्हतंय?"

"कण्हत नाहीत, वाजवताहेत," मी म्हटलं.

"काय वाजवताहेत?"

एक दिवस मी मागच्या अंगणातून मामांनाच विचारलं, "मामा, हे गाणं कुठलं हो?"

मामांनी तो पितळेचा भला मोठा बाजा मांडीवरून खाली ठेवला. त्याला ते युफोनियम म्हणत, सगळं धार भोंगा म्हणे. "हे कुठलंच गाणं नाही, सूनबाई," ते म्हणाले. "गाणं आमच्या क्लॅरोनेटवाल्या दिगंबरकडे असायचं. माझ्याकडे त्याच्या खालचं हे."

किसनराव पडवळ हे त्यांचं नाव. त्यांचे पूर्वज धारच्या पवारांच्या फौजेबरोबर इकडे आले, असं माझ्या सासूबाई सांगत. आमच्या यांच्यापेक्षा मामा वीसेक वर्षांनी मोठे. हे लहानपणापासून त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही मामा म्हणू लागले आणि मी त्यांची सूनबाई झाले. बुटका बांधा, पिंपासारखी छाती आणि फुंकून फुंकून सैल पडलेले गाल. ओठांवर मधोमध एक वाटोळा वण होता. बाजाचं तोंड वर्षानुवर्षं तिथं टेकून तो उमटला होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती मुलगी सुभद्रा बदनावरला दिली होती. तिची पत्रं मी वाचून दाखवायची. गोव्याहून आलेल्या बँडमास्तरांनी शिकवल्यामुळे मामांना पाच रेघांवरचे काळे ठिपके झरझर वाचता येत. अक्षरं मात्र एकेक लावून वाचावी लागत. पत्र ते उभ्यानंच ऐकत. वाचून झालं की म्हणत, "ते 'तब्येतीस जपा' पुन्हा एकदा वाचा."

घरातून बाहेर पडताना ते उंबऱ्याशी क्षणभर थांबत आणि डावा पाय आधी टाकत. गल्लीत कुणी सोबत चालू लागलं की पाच-सहा पावलांत मामांचं पाऊल त्याच्या पावलाला जुळायचं. लंगडणाऱ्या शिंप्याबरोबर ते लंगड्या चालीनं चालत, आणि शिंप्याला त्याचा राग येत नसे. सासूबाई म्हणत, "किसनबरोबर देवळात गेलं की पाय दुखत नाहीत."

संस्थान विलीन झालं त्या वर्षी मी धारला आले. दरबारचा बँड तेव्हा नुकताच मोडला होता. गणवेश परत घेतले, बाजे मात्र ज्याचे त्याला देऊन टाकले. लाल कोट मामांनी मागून घेतला. त्याची संस्थानी बटणं काढून द्यावी लागली, म्हणून त्यांनी शिंप्याकडून साधी काळी बटणं लावून घेतली आणि पुढं प्रत्येक थंडीत तोच कोट घातला. घरी बसलेल्या त्या बारा जणांनी मिळून वसंत बँड काढला. पुढे उभा राहणारा क्लॅरोनेटवाला दिगंबर जगदाळे. मामा आणि दिगंबर एकाच दिवशी दरबारच्या बँडात भरती झाले होते.

तो बँड पुरा असताना मी एकदाच ऐकला. आमच्या गल्लीतून एक वरात चालली होती. दिगंबर उंच, सडपातळ, मान किंचित वाकडी करून वाजवणारा. त्याच्या क्लॅरोनेटमधून सूर निघाला तशा गच्चीवरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मी लहानपणापासून गाणं ऐकत आले आहे, पण असं काही ऐकलं नव्हतं. त्या गर्दीत मामा कुठं होते, हे मला आठवत नाही. मी पाहिलंच नव्हतं त्यांच्याकडे.

तीन वर्षं वसंत बँडचं नाव सगळ्या माळव्यात झालं. बदनावर, रतलाम, उज्जैन. बँड मोकळा आहे का हे विचारून लोक लग्नाची तिथी धरत. आणि एका उन्हाळ्यात, देवासच्या एका वरातीनंतर, बँड मोडला. एका दिवसात. दिगंबर धार सोडून देवासला मेहुण्याकडे निघून गेला. बाकीच्यांतले दोघं इंदूरला पोलिसांच्या बँडात लागले, कुणी कचेरीत शिपाई झाले, कुणी शेती धरली.

का मोडला, यावर धारमध्ये दोन-तीन वर्षं चर्चा चालली. लोक म्हणायचे, दिगंबरच्या डोक्यात हवा गेली. चौकातला चहावाला बद्रीलाल म्हणे, "पीकर आया था, और क्या!" देवासच्या भर वरातीत दिगंबरचं क्लॅरोनेट चिरकलं, चाल तुटली, लोक हसले, मुलाच्या बापानं तिथल्या तिथं दुसरा बँड बोलावला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्यावर ज्यानं त्यानं आपापलं कारण चढवलं. मामांना विचारलं तर ते दर वेळी वेगळं सांगत. "मुहूर्तच संपले, भिया." "लाउडस्पीकर आले ना आता." एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, "उन्हाळा फार होता, सूनबाई." आणि घरात जाऊन तीन वाजायची वाट न पाहता वाजवायला बसले.

मग एका दुपारी असं झालं. मी मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसले होते. पलीकडून नेहमीचं पूं-पूं चाललं होतं. माझ्या तोंडात आईची एक जुनी ओवी होती. मी ती आपली गुणगुणत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की पलीकडचा आवाज हळू झाला आहे आणि माझ्या ओवीच्या खालून चालतो आहे. मी घाबरून थांबले नाही, आवाज जरा वाढवला. काय सांगू, त्या ओवीला पाय फुटले. मी एकटीनं म्हणताना ती नुसती वाऱ्यावर असायची; आता ती जमिनीवरून चालू लागली. तीन ओव्या झाल्या. चौथ्या ओवीच्या मध्ये दूध उतू गेल्याचा वास आला आणि मी तशीच उठून आत पळाले.

परत आले तर मामा भिंतीशी उभे होते. ती भिंत अंगणात खांद्याएवढीच होती. त्यांचे डोळे लाल झाले होते.

"तुम्ही मध्येच थांबलात," ते म्हणाले.

"दूध उतू गेलं हो, मामा."

"हौ. दूध गेलं." ते भिंतीवरची माती नखानं खरवडत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "देवासला मी थांबलो होतो. दूध-बिध काही नव्हतं. मुद्दाम थांबलो."

मला आधी काही कळेना. मग त्यांनी सांगितलं ते असं.

वरात निघायच्या आधी मुलाच्या बापानं दिगंबरला साफा बांधला. त्याचं मामांना काही वाटलं नाही. साफे त्याला नेहमीच मिळत. मग फोटोवाला आला. नवऱ्यामुलासोबत सगळा बँड उभा केला. काळ्या कापडाखालून फोटोवाला ओरडला, "ओ भोंगेवाले, तुम बाहर हो जाओ, चमक मार रहा है." मामा बाजूला झाले. दिगंबर तिथंच उभा होता, साफ्याचं टोक नीट करत. तो काही बोलला नाही.

"त्यांनी ऐकलं नसेल," मी म्हटलं.

"नसेल. तेव्हा मला वाटलं, ऐकलं." मामांनी एक खोल श्वास घेतला. "तेवीस वर्षं मी त्याच्या मागं चाललो, सूनबाई. कधी मनात काही आलं नाही. त्या दिवशी वरात थोरल्या पातीच्या मोहल्ल्यातून निघून टेकडीच्या रस्त्याला लागली, दिगंबरनं चाल अशी काही वर नेली की लोक नोटा ओवाळायचं विसरले. आणि मला वाटलं, आपण नसलो तर कुणाला कळेल का? चार पावलं. नुसती चार पावलं वाजवायचं नाही. बघू तर. मी तोंड काढून घेतलं."

"मग?"

"कुणाला कळलं नाही. बारातींना नाही, ढोलवाल्याला नाही. घोडासुद्धा तसाच चालत राहिला." ते हसले, पण ते हसू नव्हतं. "एका दिगंबरला कळलं. गर्रकन वळून त्यानं माझ्याकडे पाहिलं, अन् तोंडातलं क्लॅरोनेट चिरकलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे."

"त्यांनी तुम्हाला विचारलं नाही?"

"नाही. दुसऱ्या दिवशी तो देवासला निघून गेला. लोक त्याला दारुड्या म्हणाले. मी ऐकत राहिलो."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मला वाटे की जगातल्या सगळ्या गोष्टी सांगून टाकल्या की सुटतात. मी म्हटलं, "मामा, जाऊन सांगून या ना त्यांना." पुढच्याच महिन्यात देवासला माझ्या नणंदेच्या मुलीचं बारसं होतं. यांना रजा नव्हती. मामा म्हणाले, "मी येतो सूनबाईंसोबत." लाल कोट घालून ते निघाले. इंदूरला गाडी बदलली तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सुरुवात कशी करू?" मी म्हटलं, "सरळ सांगा." देवास येईपर्यंत त्यांचे ओठ हलत होते.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दिगंबररावांकडे गेलो. टेकडीच्या पायथ्याशी त्यांच्या मेहुण्याची पिठाची चक्की होती आणि ती तेच सांभाळत. दारात डबे घेऊन बायका उभ्या होत्या. आतल्या माणसाच्या भुवया, पापण्या, कान सगळं पिठानं पांढरं झालं होतं. मी त्यांना ओळखलं ते मानेच्या वाकडेपणावरून.

मामा दारातूनच ओरडले, "दिगंबर, मला तुला एक सांगायचंय!"

"काय?" इंजिनाच्या आवाजात त्यांना ऐकू येईना. मग त्यांनी डोळे किलकिले केले, बघितलं आणि पट्टा उतरवून चक्की बंद केली. बायका कुरकुरल्या. "रुको बाई, रुको जरा. मेरा आदमी आया है," दिगंबरराव म्हणाले.

मागच्या खोलीत त्यांनी आम्हाला बसवलं. हसले तेव्हा दिसलं की वरचे पुढचे दोन दात गेले आहेत. क्लॅरोनेट धरायला तेच दात लागतात, हे मला नंतर मामांनी सांगितलं. चहा आला. मामांनी कप उचललाच नाही. "दिगंबर, त्या दिवशी वरातीत..." त्यांनी सुरुवात केली.

"छाती कशी आहे तुझी?" दिगंबररावांनी विचारलं.

"छाती?"

"लपवू नको रे. त्या दिवसाच्या आधी दोन दिवस तू खोकत होतास. मी म्हटलंही होतं, नको येऊस. वरातीत तुझा आवाज गेला. म्हटलं, किसन पडला. वळून बघतो तो तू उभा, तोंड पांढरंफटक. बाजा चिरकला तर चिरकला, म्हटलं, माणूस उभा आहे."

दिगंबरराव माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही शेजारी राहता ना? याला सांगा. हा कुणाचं ऐकत नाही. मी धारला राहिलो असतो तर बँड पुन्हा उभा राहिला असता आणि हा त्या छातीनं पुन्हा भोंगा उचलून आला असता. नाही म्हणायचं याला कळत नाही. म्हणून मीच निघालो. शरमही वाटली होती, खोटं कशाला बोलू? लोक हसले होते. पण शरमेनं मी चार दिवस घरी बसलो असतो. गाव सोडलं ते याच्यापायी." मग पुन्हा मामांना, "वाजवत नाहीस ना आता?"

बाहेर एक बाई चक्कीवाल्याला हाका मारत होती. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. रोज दुपारी तीन वाजता भिंतीपलीकडे काय होतं ते आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

"नाही," मामा म्हणाले. "सोडलं."

"शाबास," दिगंबरराव म्हणाले, आणि त्यांनी कोनाड्यातून अडुळशाच्या काढ्याची एक बाटली काढून मामांच्या हातात दिली. "दोन वेळा घे. कडू आहे, पण घे."

परतीच्या प्रवासात मामा बाटली मांडीवर धरून खिडकीतून बाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी तीन वाजले, सव्वातीन वाजले. भिंतीपलीकडून काही आलं नाही. पुढेही कधी आलं नाही. सांगितलेलं खोटं त्यांनी खरं करून टाकलं. दुपारी मला झोप लागेना. सासूबाईंनाही लागेना, पण त्या म्हणत, हवा बदलली आहे.

काढा मात्र ते खरोखर घेत. मी म्हटलं, "मामा, तुमची छाती धडधाकट आहे. कशाला घेता?" तर म्हणाले, "त्यानं दिलाय." बाटली संपली की ते देवासला जात आणि भरलेली घेऊन येत. मी विचारायची, "सांगितलंत?" ते मान हलवत. नाही.

दिगंबररावांना सांगता येईना, तेव्हा निदान धारला तरी खरं कळावं असं त्यांच्या मनानं घेतलं असावं. पुढे झालं ते मला यांनी कचेरीतून आल्यावर सांगितलं. बद्रीलालच्या दुकानात पाच-सात माणसं बसली होती. वसंत बँडचा विषय निघाला आणि कुणीतरी दिगंबरच्या दारूबद्दल बोललं. मामा उठून उभे राहिले. "दिगंबरनं थेंब घेतला नव्हता," ते म्हणाले. "चाल माझ्यामुळं तुटली. मी वाजवायचं मुद्दाम बंद केलं होतं."

मग बद्रीलाल हसला. "अरे मामा, भोंगा बंद होने से क्लारनेट थोड़ी बंद होता है! यारी निभा रहे हो, समझ गए." सगळे हसले. वाईट हसले नाहीत. मामांवर सगळ्यांचा जीव होता. एकानं त्यांच्यासाठी चहा मागवला. हे म्हणाले, "मामा हातातला चहा तसाच ठेवून निघून गेले. दोस्तासाठी एवढं खोटं बोलायचं म्हणजे कमाल आहे."

"खोटं नाही ते," मी म्हटलं.

"म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. यांनी ऐकून घेतलं, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "तुला तरी काय माहीत? त्यांनी सांगितलं तेच ना?"

मग यांची मंदसौरला बदली झाली. निघायच्या दिवशी मामा सकाळपासून आमच्याकडे होते. पेट्या बांधल्या, बोचकी उचलली. मोटार स्टँडवर हे तिकिटं काढायला गेले, सासूबाई गाडीत बसल्या आणि मी मुलाला कडेवर घेऊन खाली उभी राहिले. मामांनी वळकटी टपावर चढवली आणि हात झटकत माझ्याजवळ आले.

"सूनबाई, परवा देवासला गेलो होतो."

"हो का? मग?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. फोटोवाला, चार पावलं, सगळं. छातीला कधी काही नव्हतं, तेही. त्याला आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. माझा हात धरून ऐकत होता."

"काय म्हणाले?"

मामा ओठावरच्या वणावरून बोट फिरवत राहिले. "म्हणाला, 'माझा बोजा हलका करायला सांगतोस होय? किसन, तू असं करणाऱ्यातला नाहीस. तेवीस वर्षं तू माझ्या मागं होतास, मला माहीत नाही का?' मी शपथ घेतली. तर म्हणाला, 'शपथा घेऊ नकोस उगाच.' आणि काढ्याची बाटली भरून दिली."

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. हे हाका मारू लागले. मी गाडीच्या पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मामांनी एकदम विचारलं, "तुम्हाला तर खरं वाटलं ना? मी थांबलो होतो ते?"

"वाटलं, मामा," मी म्हटलं. "पहिल्या दिवसापासून."

त्यांनी मान हलवली. त्यांना बरं वाटलं की काय, मला कळलं नाही. मी आत जाऊन खिडकीशी बसले. गाडी सुरू झाली. मुलगा हात हलवत होता, सासूबाई डोळे पुसत होत्या. मामा लाल कोटात धुरळ्यामध्ये उभे होते, दोन्ही हात खाली सोडून. मागून रतलामच्या गाडीची माणसं गाठोडी घेऊन धावत आली, त्यांना वाट द्यायला ते एक पाऊल बाजूला झाले, मग आणखी एक, आणि त्या माणसांच्या मागे दिसेनासे झाले.